बुधरीबाईनं आखलेल्या वाटा

मोहागुड्यात कुणाच्या दाराशी जाऊन विचारलं, "बाई कुठी गेली?" तर आतून उत्तर येतं, "वर गेली." नवख्या माणसाचा चेहरा पडतो. मग गावातलं कुणीतरी हसून बोट दाखवतं, आणि त्याला कळतं की 'वर' म्हणजे डोंगरावरचं कुरण. गावाच्या तोंडी त्या जागेला दुसरं नाव नाही. वनखात्याच्या नकाशात तिथं नुसता आकडा आहे.

राजुऱ्याहून जिवतीकडे चढत जाणारा रस्ता सोडला, की एका कच्च्या फाट्याच्या शेवटी मोहागुडा लागतो. सदतीस घरं, बहुतेक गोंडांची, चार-दोन कोलामांची. गावामागून ऐन-धावड्याचं रान चढत जातं, मध्ये एक ओढा आडवा येतो, पुढे सालईची उघडी झाडं लागतात, आणि मग झाडं एकाएकी संपतात. समोर नुसतं गवत. नजर पोचेल तिथवर छातीएवढं गवत आणि त्यावरून सारखा वाहणारा वारा. पावसाळ्यात ढग तिथं येऊन टेकतात. दिवाळीनंतर सगळं कुरण पिकल्या ज्वारीच्या रंगाचं होतं, आणि त्यातलं तिखाडी गवत पायाखाली आलं की असा वास सुटतो की माणूस थांबून मोठा श्वास घेतो.

बुधरी मडावीनं त्या गवतात आयुष्याची छत्तीस वर्षं काढली होती. दहा वर्षांची असताना गुरांमागं ती पहिल्यांदा वर गेली. पुढे गवत कापायला, डिंकाला, चारोळीला. नंतर नवऱ्याबरोबर, इसरूबरोबर, उन्हाळ्यात आगीवर पहारा द्यायला. कुरणाच्या तोंडाशी पहाऱ्याची झोपडी होती, तिथं दोघं दोन-दोन महिने राहायची. कुठल्या दगडाखाली पाणी टिकतं, अस्वल कोणत्या बाजूनं येतं, वारा फिरला की आग कुठं पळते, हे तिला विचारावं. ती बोलायची कमी, पण सांगितलं तर पक्कं सांगायची.

म्हणूनच गेल्या दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ती उठून "हे नाई जमत" म्हणाली, तेव्हा सगळे चमकले.

सभा होती सहलींची. डोंगराचा हक्क ग्रामसभेला मिळून काही वर्षं झाली होती. चंद्रपूरची माणसं सकाळी येतील, गावातल्या लोकांबरोबर वर जातील, गावात जेवतील आणि संध्याकाळी परत जातील, अशी कल्पना होती. वनखात्याचा बीटगार्ड निकेश लॅपटॉपवर नकाशा काढून घेऊन आला होता. पोरगा चांगला होता, मन लावून काम करणारा. त्यानं लाल रेघेनं एक गोल वाट आखली होती. गावातून झोपडी, झोपडीवरून मधला झरा, तिथून टोकाचा कडा आणि दुसऱ्या घळीनं खाली. चौदा किलोमीटर. सात तास. कड्यावर उभं राहिलं की खालचा सगळा मुलूख पार तेलंगणापर्यंत दिसतो, त्यामुळे कडा पाहिजेच, असं त्याचं म्हणणं होतं.

"काऊन नाई जमत, बुधरीबाई?" ग्रामसभेचा अध्यक्ष लटारू म्हणाला. "तुले तर सारा पहाड पाठ हाये."

"पाठ हाये म्हनूनच सांगून राह्यली," बुधरी म्हणाली. "तुमचे सात तास धडधाकट मानसाचे हायेत. एखाद्याचा पाय मोडला, एखाद्याले पान लागलं, साप चावला, तर त्याले खाली आनाले किती तास लागतीन, ते लिवलं काय कुठी?"

निकेशनं नकाशाकडे पाहिलं. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

लटारूनं मान खाली घातली. बुधरी कुणाबद्दल बोलते आहे ते निकेश सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी बुधरीचा धाकटा भाऊ पोचू तिच्याबरोबर कड्याकडे गवत कापायला गेला होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा. दुपार कलल्यावर, भारा उचलताना घोणस चावली. खाट आणायला माणूस गावात पळाला, खाट वर पोचेस्तोवर सूर्य टेकला होता. चौघांनी उचलून आणायला सुरुवात केली, पण रानात शिरल्यावर पायाखालचं दिसेना. ओढ्यापाशी वाट चुकली. खाट खाली ठेवून वाट शोधत राहिले, आणि ती सापडेपर्यंत पोचू गेला होता. त्यानंतर कोणीही वर जायला निघालं, की ते परत येईपर्यंत बुधरीचा घास नीट उतरत नसे. हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. इसरूला ते माहीत होतं, एवढंच.

सभेतून लोक उठले, तेव्हा निकेश तिच्याजवळ आला. त्याला कुणीतरी बाजूला घेऊन पोचूचं सांगितलं असावं.

"बाई, नाही म्हणू नका," तो म्हणाला. "माझी वाट चुकली असंल तर तुम्ही आखून द्या. तुम्ही सांगाल तसंच करू."

बुधरीनं लाल रेघेवरून टोकाच्या कड्यापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "खाट घेऊन मोजा लागन."

आणि तसंच मोजलं. हा प्रसंग मोहागुड्यात अजूनही हसत-हसत सांगतात. रिकामी खाट नेऊन उपयोग नव्हता, वजन पाहिजे होतं. कुणी म्हणालं तुरीची पोती ठेवा, कुणी म्हणालं दगड. बुधरी म्हणाली, "पोतं कन्हत नाई. मानूस पायजे." गावात सगळ्यात जड माणूस लटारू. अध्यक्षच म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना. एका मंगळवारी पहाटे सगळे कड्यावर गेले. बुधरीची लेक रंजीता घड्याळ आणि वही घेऊन होती. ती राजुऱ्याच्या कॉलेजात शिकते. लटारूला बाजेवर आडवं केलं, दोरीनं बांधलं, बाजेला दोन बांबू लावले आणि इसरू, निकेश, गावातला धनराज आणि आणखी एकानं खांदा दिला.

पहिली दहा मिनिटं लटारू मजेत होता. विडी ओढत आभाळ बघत होता. मग उतार लागला आणि त्याचं डोकं पायाच्या खाली गेलं.

"अबे हळू! मी चालतो ना बाबू, सोडा मले!"

"पाय मोडलेला मानूस चालते काय?" बुधरी मागून म्हणाली. "गप पडून राहा."

"मले कुसळं टोचून राह्यली."

"लिव, रंजीता. रोग्याखाली जाड घोंगडी पायजे."

असं करत लटारू खाली आला. गावात पोचल्यावर तो सरळ घरी गेला आणि दोन दिवस कंबर शेकत बसला. पण वहीत खरे आकडे आले होते. कड्यावरून झऱ्यापर्यंत खाटेला दोन तास. झऱ्यावरून झोपडीपर्यंत एक तास दहा मिनिटं. झोपडीवरून गावात दोन तास पाच मिनिटं. रिकाम्या माणसाला हीच वाट तीन तासांची.

मग बुधरीनं तीन वाटा आखल्या. रंजीता लिहीत गेली, आई सांगत गेली. धाकटी वाट ओढ्यावरून झोपडीपर्यंत, ती कुणालाही चालेल. मधली वाट झऱ्यापर्यंत, आणि तिथून एक वाजता मागे फिरायचं, मग जेवण झालेलं असो की नसो. थोरली वाट कड्यापर्यंत, पण आदल्या दिवशी गावात मुक्काम केलेल्यांनाच, पहाटे उजाडताच निघायचं. एक खाट, घोंगडी, बांबू आणि पाण्याचा डबा कायम झोपडीत. सहल वर असेल तेव्हा दोन माणसं झोपडीत बसून. नियम एकच होता, आणि तो बुधरीनं दोनदा लिहून घेतला. कुठंही काहीही झालं, तरी खाट उजेडात गावात आली पाहिजे.

निकेशनं लाल रेघेचा नकाशा पुसून टाकला. वरच्या साहेबांना काय वाटेल याची त्याला काळजी होती, पण साहेबांनी तीन वाटा वाचून सही केली. इसरूनं त्या दिवशी बायकोकडे जरा नवलानं पाहिलं.

पहिली सहल डिसेंबरातल्या एका रविवारी आली. चंद्रपूरहून चौदा जण. साडेआठला यायचे होते, त्यांची गाडी पोचली साडेनवाला. चहा झाला, ओळखी झाल्या. बहुतेक मंडळी साठीच्या आसपासची, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट. त्यात गुणवंतराव नावाचे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ होते. उंच, सडपातळ, डोक्यावर कापडी टोपी. कोळशाच्या खाणीत छत्तीस वर्षं सर्व्हेअर होते. जमीन मोजण्यात आयुष्य गेलेलं.

"बुधरीबाई, आपल्याले कडा पाह्यचा आहे," ते म्हणाले.

"आज झऱ्यापर्यंतच, भाऊ."

"झऱ्यापासून कडा साडेतीन किलोमीटर. मी नकाशा पाहून आलो आहे. जमीन सपाट. एका तासात जाऊ."

"जाल. पन वापस याचं बी हाये ना."

"अहो, मी जन्मभर अंतरं मोजली. अंतर मले शिकवू नका."

बाकीचे हसले. रंजीताचा चेहरा उतरला. पहिल्याच दिवशी पाहुणा नाराज. पण बुधरी शांतपणे म्हणाली, "तुमचं अंतर बरोबर हाये, भाऊ. मी वेळ सांगून राह्यली." आणि ती पुढे चालू लागली. पाहुण्यांबरोबर इसरू, निकेश आणि रंजीताही निघाले.

चढ चांगला झाला. ओढ्यावर सगळ्यांनी तोंडं धुतली. सालईच्या झाडांखाली एक बाई दमल्या, तर सगळे त्यांच्यासाठी थांबले. झोपडीत लटारू आणि धनराज खाटेजवळ बसले होते. लटारूनं आल्यागेल्याला ती खाट दाखवून तिच्यावरून आपण कसे खाली आलो ते सांगितलं. आणि मग झाडं संपली. गवत समोर आलं, तसे चौदाच्या चौदा जण जागीच थांबले. एका बाईंनी चपला काढून हातात घेतल्या. का काढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी सगळे झऱ्यावर होते. भाकरी, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. लोक जेवत होते, बुधरी उभी होती. तिनं सूर्याकडे पाहिलं, मग रंजीताच्या घड्याळाकडे. सगळं वेळेत होतं. तिला जरा बरं वाटलं. तीही भाकरी घेऊन खाली बसली.

आणि त्याच वेळी गवतातून आवाज आला.

गुणवंतराव जेवण लवकर आटोपून उठले होते. कड्याकडे जायचा त्यांचा बेत नव्हता. नुसतं दोनशे पावलं पुढे जाऊन लांबून तरी दिसतो का ते बघावं, एवढंच मनात होतं. गवतात साळिंदराचं बीळ होतं. डावा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि अंग पुढे पडलं. नडगीचं हाड मोडल्याचं त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

बुधरी पोचली तेव्हा ते दात आवळून पडले होते. तिनं पाय पाहिला. कातडी फाटली नव्हती, रक्त नव्हतं, पण पाय जिथं वळू नये तिथं वळला होता.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"बारा चाळीस," रंजीता म्हणाली.

"तुमी पळा," ती इसरूला म्हणाली. इसरू आधीच निघाला होता. "रंजीता, बाकीच्यायले घेऊन खाली उतर. तेरा मानसं. ओढ्यावर मोज, गावात मोज. गावातल्या पान्याच्या टाकीपाशी फोन लागते, तिथून गाडी बोलाव. घाई नोको करू, दुसरा पाय मोडाले नोको."

मंडळी घाबरली होती. दोघे-तिघे म्हणाले, आम्ही थांबतो, मदत करतो. बुधरीनं हात जोडले. "तुमी खाली नीट पोचले, तेच मोठी मदत." ते ऐकून ते निमूट निघाले. गवतातून खाली उतरणारी ती रांग दिसेनाशी होईपर्यंत ती पाहत राहिली.

मग तिनं आणि निकेशनं झऱ्याकाठच्या झुडपाच्या दोन सरळ फांद्या तोडल्या, त्यावर गवताच्या जुड्या गुंडाळल्या आणि पाय दोन्ही बाजूंनी बांधला. बांधायला तिच्या लुगड्याचा काठ आणि निकेशचा गमछा. गुणवंतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते ओरडले नाहीत.

"मी चूक केली, बाई," ते म्हणाले.

"साळिंदराले सांगा. त्यानं तिथी घर काऊन बांधलं म्हना."

त्या स्थितीतही ते हसले. हसताना पाय हलला आणि ते कळवळले. निकेशनं त्यांच्या डोक्यावर टोपी धरून सावली केली. "बाई, उजेडात पोचू ना आपण?" त्यानं हळूच विचारलं.

"लटारूले पोचवलं होतं ना," ती म्हणाली. पण तिची नजर सूर्यावरून हटत नव्हती.

पावणेदोनला गवत हललं आणि खाटेचे बांबू वर दिसले. पुढे इसरू, घामानं निथळलेला, मागे लटारू आणि धनराज. एक क्षणही वाया न घालवता गुणवंतरावांना घोंगडीवर घेतलं, दोरीनं बांधलं. त्या तिघांनी आणि निकेशनं खांदा दिला. बुधरी पुढे चालत होती, वाटेतला प्रत्येक दगड आणि फांदी आवाज देऊन सांगत. "डावीकडं खड्डा. आता उतार. डोकं वर घ्या, रोग्याचं डोकं वर." उतारावर लटारूचं डोकं कसं खाली गेलं होतं, ते तिनं लक्षात ठेवलं होतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी झोपडी आली. पाणी प्यायले, खांदे बदलले. लटारू खांदा चोळत बसला. "तुमच्याऐवजी मीच वर निजलो असतो तं बरं झालं असतं, भाऊ," तो गुणवंतरावांना म्हणाला.

झोपडीखाली रान सुरू झालं. उन्हाचे कवडसे झाडांत तिरपे होत होते आणि ते किती तिरपे झाले हे बुधरी मनात मोजत होती. सालई संपली. धावड्याची गर्दी लागली. दगडाची एक अवघड पायरी आली, तिथं खाट हातावर घ्यावी लागली. तीही पार झाली. आणि मग पाण्याचा आवाज आला.

ओढा. साडेचार वाजले होते. पलीकडच्या काठावर ऊन पडलं होतं आणि पाण्यातले गोटे एकेक करून दिसत होते. वाट समोर सरळ होती. पोचूची खाट जिथं टेकवली होती तो सपाट खडकही तिथंच होता, कोरडा, उन्हात. बुधरी त्या खडकापाशी थांबली.

"थांबायचं काय?" इसरूनं मागून विचारलं. खांद्यावर बांबू, मान वाकडी, पण तो तिच्याकडेच पाहत होता.

"नाई," ती म्हणाली. "चाला. उजेड हाये."

आणि ती आधी पाण्यात उतरली. पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडे चढून तिनं मागे वळून पाहिलं, तर खाट पाण्यातून येत होती आणि गुणवंतराव आभाळाकडे डोळे लावून पडले होते. तिच्या छातीतून एक श्वास निघाला. इतका लांब श्वास तिनं कित्येक वर्षांत सोडला नव्हता. पुढची वाट कशी सरली ते तिला नंतर आठवलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी खाट मोहागुड्यात आली. टाकीपाशी गाडी उभी होती, रंजीता पळत आली. "तेरा मोजले, आई. तेराच्या तेरा." पाहुण्यांनी रस्ता करून दिला. गुणवंतरावांना गाडीत चढवलं. त्यांनी बुधरीचा हात धरला आणि हलवला. गाडी फाट्याकडे वळली तेव्हा सूर्य अजून वीतभर वर होता.

इसरू खाटेवर बसला. लटारू जमिनीवरच पसरला. बुधरी घरात गेली, भांडी घासायला घेतली, आणि राखेचा हात तसाच ठेवून भिंतीला टेकून झोपी गेली. रंजीतानं तिच्या अंगावर चादर टाकली. चूल तिनंच पेटवली.

पुढचे तीन दिवस मात्र गावाला चैन नव्हतं. पहिल्याच सहलीत अपघात. निकेशला अहवाल लिहून द्यावा लागला होता. आता हे बंद होणार, असं जो तो म्हणत होता. बुधरीला आपली काळजी नव्हती. तिला निकेशची काळजी वाटत होती. त्याची नोकरी नवी होती.

चौथ्या दिवशी रंजीताचा फोन वाजला. गुणवंतराव चंद्रपूरहून बोलत होते. पायात सळई घातली होती, तीन महिने पाय टेकायचा नव्हता. पण आवाज खणखणीत होता.

"बाईले द्या फोन... बुधरीबाई, मी लिहून दिलं आहे. सांगितलेल्या जागेवरून मी स्वतः उठून गेलो, चूक माझी. आणि हेही लिहिलं, की डॉक्टर म्हणाले, पाय इतका नीट बांधून आणला म्हणून वाचला. निकेशच्या साहेबाशी बोललो. काही बंद होत नाही."

बुधरीनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. "बरं झालं, भाऊ," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं अंगणात येऊन इसरूला सांगितलं, इसरूनं लटारूला, आणि पाच मिनिटांत ते सगळ्या गावाला कळलं.

पण गुणवंतरावांचं एवढ्यावर संपलं नाही. अंथरुणावर पडलेल्या सर्व्हेअरला करायला काही काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "बाई, ओढ्यापासून दगडाच्या पायरीपर्यंत खाटेला किती?" मग रोजच. "पावसाळ्यात किती वाढवायचे?" "म्हाताऱ्या माणसाला किती?" त्यांनी डोंगराचा नकाशा काढायला घेतला होता, पण किलोमीटर न लिहिता. प्रत्येक ठिकाणापुढे दोन आकडे: चालत किती वेळ, खाटेवर किती वेळ. बुधरी चुलीपुढं बसून सांगायची. कधी कधी ती "थांबा, उद्या पाहून सांगन" म्हणायची आणि खरंच जाऊन पाहून यायची.

जानेवारीत आणखी पाच सहली झाल्या. एका मुलाला कुसळ लागलं, एका बाईंचा चष्मा गवतात हरवला आणि धनराजला सापडला. त्यापलीकडे काही झालं नाही. आता सहल वर असली तरी बुधरी दोन वेळा पोटभर जेवत होती. हे पहिल्यांदा इसरूच्या लक्षात आलं. तो एक भाकर जास्त वाढून ठेवू लागला.

फेब्रुवारीच्या शेवटी, गवत वाळून पिवळं पडलं होतं तेव्हा, एक दिवस चंद्रपूरहून गाडी आली. गुणवंतराव कुबड्यांवर उतरले. काखेत नकाशाची गुंडाळी. बरोबर त्यांच्या पत्नी, रंभाबाई. ठेंगण्या, गोऱ्या, सतत घाम पुसणाऱ्या.

गुणवंतरावांना मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसवलं. त्यांनी नकाशा पसरला आणि निकेश, इसरू, लटारू त्यावर वाकले. रंभाबाई थोडा वेळ पाहत राहिल्या. मग बुधरीच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अडीच महिने मी घरात हा डोंगरच ऐकून राह्यली. आता ह्यांना बसू द्या इथी. मले दाखवा ना तुमचं ते गवत."

"चालवन काय तुमच्यानं?"

"हळू चालन."

दोघी निघाल्या. रंभाबाई खरोखरच हळू चालत होत्या, दर वळणावर थांबत होत्या. बुधरीनं सवयीनं विळा शोधायला कमरेला हात लावला; विळा नव्हता, दोरी नव्हती, मागं मोजायची माणसंही नव्हती. तिला चालताना हात कुठं ठेवावे ते कळेना. शेवटी तिनं रंभाबाईंची पिशवी घेतली.

झोपडीच्या पुढे, जिथं गवत सुरू होतं, तिथं एका दगडावर दोघी बसल्या. वारा होता. खाली रानात कुठंतरी सुतार पक्षी ठोकत होता. रंभाबाईंनी पिशवीतून दोन संत्री काढली, एक बुधरीला दिलं.

"रोज येता तुम्ही इथी?"

"रोजच म्हना."

"मग रोज बसत असाल अशा."

बुधरीनं संत्र्याची साल काढली. फोड तोंडात टाकली. गोड होती. तिनं विचार केला आणि तिचं तिलाच हसू आलं.

"नाई बा," ती म्हणाली. "बसली नाई कधी. कापलं, वाह्यलं, आग विझवली. बसाचं राहूनच गेलं."

"मग आज बसू," रंभाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाय लांब केले.

बुधरीनंही पाय लांब केले. टाचांना गवत लागलं आणि तिखाडीचा वास उठला. दोघी संत्री खात बसून राहिल्या.